पुरुषांशी कोण बोलणार?

दुसरी मुलगी झाली तेव्हा ऑपरेशन टेबलावर असलेल्या माझ्या बायकोला विचारलं गेलं, "आता नसबंदीचंही उरकून घ्यायचं का?" तिचं पोट उघडं होतं, बाळ रडत होतं आणि तिला हो किंवा नाही एवढंच सांगायचं होतं. ती नाही म्हणाली. तिचं दुसरं सिझर होतं ते. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि मला कुणी काहीच विचारलं नाही.

त्यानंतर सात महिन्यांनी मी स्वतःची नसबंदी करून घ्यायला गेलो. नाव नोंदवणाऱ्या बाईंनी दोनदा खात्री केली की पेशंट मीच. मग म्हणाल्या, "मिसेसना काही प्रॉब्लेम आहे का?" आतल्या सिस्टरनी आवाज खाली आणून विचारलं, "आईवडिलांना माहीत आहे ना?" अडतीस वर्षांच्या, दोन मुलींच्या बापाला हा प्रश्न. प्रत्यक्ष काम वीसेक मिनिटांत झालं. भूल तेवढ्या जागेपुरती, टाका एकही नाही. तासाभराने मी रिक्षात बसून घरी आलो.

त्या दिवशी मला जे कुणीच सांगितलं नाही, त्यासाठी हा लेख लिहितो आहे. नसबंदी झाली म्हणजे त्याच रात्रीपासून मूल राहण्याची शक्यता संपली, असं होत नाही. पुढच्या नळ्यांमध्ये आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. ते संपायला साधारण तीन महिने जातात, तोवर निरोध वापरावा लागतो आणि मग वीर्याची तपासणी करून खात्री करून घ्यावी लागते. मला हे चौथ्या दिवशी कळलं, तेही एका डॉक्टर मित्राशी दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता. मी सही केलेल्या कागदावर ते बहुधा छापलेलं असेल. पण तो कागद माझ्यापुढे सहीसाठी आला होता, वाचण्यासाठी नव्हे.

आता हीच गोष्ट एखाद्या ऊसतोड कामगाराच्या किंवा गवंड्याच्या बाबतीत झाली असती तर? त्याला असा मित्र नाही. दुसऱ्या महिन्यात बायकोला दिवस गेले असते. 'ह्याचं तर ऑपरेशन झालंय' असं घरात सगळ्यांना माहीत. मग बोट कुणाकडे वळलं असतं? दोन वाक्यं सांगायची राहिली, एवढ्यावरून एका बाईच्या चारित्र्याचा पंचनामा झाला असता. आणि त्या गावात पुढची वीस वर्षं एकही पुरुष नसबंदीला तयार झाला नसता.

माहिती आणि प्रचार यांत फरक असतो तो हा. आपल्याकडे कुटुंब नियोजनाचा प्रचार सत्तर वर्षं भरपूर झाला. माहिती मात्र फार थोड्यांना मिळाली आणि पुरुषांना तर जवळपास मिळालीच नाही.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. ज्यांच्या नवऱ्याची नसबंदी झाली आहे अशा स्त्रिया होत्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचं प्रमाण निम्म्याच्या घरात जातं. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी जोखमीची, पोट न उघडता होणारी, हे सगळं वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तरीही शेकडा अडतीस विरुद्ध शेकडा पाव.

यावर उत्तर ठरलेलं असतं: पुरुषांची मानसिकता. आरोग्य खात्यातल्या बैठकांमध्ये, वर्तमानपत्रातल्या बातम्यांमध्ये, दरवर्षी नोव्हेंबरात येणाऱ्या नसबंदी पंधरवड्याच्या भाषणांमध्ये हेच ऐकू येतं. त्याच पाहणीत ३५ टक्के पुरुष म्हणाले की संततिनियमन हे बायकांचं काम आहे, पुरुषाने त्यात डोकं घालायचं कारण नाही. म्हणजे मानसिकता आहेच, मी नाकारत नाही. पण ती आभाळातून पडलेली नाही. आणि त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की उरलेल्या पासष्ट टक्के पुरुषांनी त्या वाक्याला मान डोलावलेली नाही. त्यांच्याशी कोण बोललं?

थोडं मागे जाऊ. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबई महापालिकेने डॉ. डी. एन. पै यांच्या पुढाकाराने रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं उघडली होती. गाडीतून उतरणारा माणूस तिथे जायचा, ऑपरेशन करून घ्यायचा आणि पुढची गाडी पकडायचा. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात जुलै १९७१ च्या एका महिन्यात ६३ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली. तिथे पैसे आणि भेटवस्तूंचं आमिष होतं हे खरं आणि गरिबाला पैसे दाखवून शरीराचा निर्णय घ्यायला लावणं मला मान्य नाही. तरीही एक गोष्ट त्यातून निर्विवाद दिसते. या देशात कार्यक्रमाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत पुरुषांच्या शस्त्रक्रिया बायकांपेक्षा जास्त होत होत्या. आपले आजोबा, चुलते, गिरणीत काम करणारे गाववाले नसबंदी करून घेत होते. 'भारतीय पुरुष कधीच तयार होणार नाही' हे म्हणणं इतिहासाला धरून नाही.

मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. अनेक राज्यांत शिक्षकांचे पगार, बढत्या, बदल्या नसबंदीच्या 'केस' आणण्याशी जोडल्या गेल्या. मास्तर शाळा सोडून केस शोधत हिंडू लागले. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचा कायदाच संमत केला होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो अमलात आला नाही, पण संमत झाला होता ही गोष्ट आपण फार सहज विसरलो आहोत. पुढच्याच वर्षी, १९७७-७८ मध्ये, देशातल्या एकूण शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांच्या आसपास आल्या. 'नसबंदी' हा शब्द गावागावांत शिवीसारखा झाला. माझ्या लहानपणी, म्हणजे आणीबाणी संपून दहा वर्षं झाल्यावरही, पांढरी जीप दिसली की म्हातारी माणसं पोरांना घरात घ्यायची.

सरकारने या जखमेवर काय केलं? खात्याचं नाव बदललं. 'कुटुंब नियोजन'चं 'कुटुंब कल्याण' झालं. आणि ज्याने रागाने सरकार पाडलं त्या पुरुषाच्या वाटेला जायचं सोडून देऊन सगळा कार्यक्रम बाईकडे वळवला. त्याच सुमारास दुर्बिणीचं ऑपरेशन आलं, एका शिबिरात दिवसाला पन्नास-साठ बायका उरकता येऊ लागल्या. बाई तक्रार करत नाही. तिला सासू आणते, नणंद आणते, सिस्टर आणते. पुरुषाशी बसून बोलायचं, आणीबाणीत जे झालं त्याबद्दल चूक कबूल करायची, भीती ऐकून घ्यायची, तिला उत्तर द्यायचं, हे काम कुणी हातात घेतलंच नाही. आज ज्याला आपण पुरुषाची मानसिकता म्हणतो तिच्यात या पन्नास वर्षांच्या अबोल्याचा मोठा वाटा आहे.

भिंतींवरच्या प्रचाराचं श्रेय मी नाकारणार नाही. लाल त्रिकोण आणि चार हसरे चेहरे ही कल्पना साठच्या दशकात दीप त्यागी या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने आली आणि अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही दवाखाना कुठे आहे हे कळू लागलं. 'दोन किंवा तीन मुलं पुरेत', मग 'आम्ही दोन, आमचे दोन'. १९६८ मध्ये निरोध आला, तीन नग पंधरा पैशांना, आणि चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो पानाच्या टपरीपर्यंत पोचला. संततिनियमन हा शब्द उच्चारायलाही लाजणाऱ्या देशात हे मोठं काम होतं. माझ्या आजीला सहा मुलं, आईला तीन, आम्हाला दोन. या उतरंडीत त्या भिंतींचाही वाटा आहे.

पण भिंत एकच वाक्य बोलते आणि तिला उलट प्रश्न विचारता येत नाही. किती मुलं हवीत ते तिने सांगितलं. ती कधी व्हावीत, मधल्या काळात काय वापरायचं, त्याने अंगावरून जास्त जाऊ लागलं तर घाबरायचं की नाही, नवरा ऐकत नसेल तर काय करायचं, हे तिच्यावर कधीच लिहिलं गेलं नाही. परिणाम असा की आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या आयुष्यात कुटुंब नियोजन म्हणजे एकच प्रसंग. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न, लगोलग दोन मुलं, पंचविशी-सव्विशीत ऑपरेशन. त्याआधी ना गोळी, ना तांबी, ना निरोध. पाळणा थांबवणं सगळ्यांना ठाऊक, पाळणा लांबवणं फार थोड्यांना.

आपल्या महाराष्ट्रात हे वेगळ्या रीतीनेही करून पाहिलं गेलं होतं आणि तेही शंभर वर्षांपूर्वी. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी त्यांचं केंद्र उघडलं तेही त्याच वर्षी. गणिताच्या या प्राध्यापकाला त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. त्यांनी स्वतःची नसबंदी करून घेतली होती. पत्नी मालतीबाई पगार मिळवत होत्या म्हणून घर चाललं. १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत राहिले.

कर्व्यांबद्दल आपण आदराने बोलतो ते त्यांच्या धाडसाबद्दल. मला त्यांच्या पद्धतीबद्दल बोलायचं आहे. लोक त्यांना पत्र लिहून प्रश्न विचारत आणि ते उत्तर छापत. एवढंच. प्रश्न कितीही अडाणी असो, लाजिरवाणा असो, उत्तर सरळ मराठीत यायचं. नीती शिकवण्यासाठी त्यांनी उत्तर अडवून धरलं नाही. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला भरला गेला तो नेमका वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. सत्तेला आणि समाजाला तेव्हा घोषणेची भीती वाटली नव्हती, भीती वाटली ती प्रश्नोत्तरांची.

बाबासाहेबांनी तो विषय तिथे सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत एक ठराव मांडला. सरकारने सामान्य लोकांमध्ये संततिनियमनाचा जोरकस प्रचार करावा आणि त्याच्या पुरेशा सोयीही पुरवाव्यात, असा तो ठराव होता. त्यामागचं बाबासाहेबांचं भाषण रोहम यांनी सभागृहात वाचून दाखवलं. ठरावाच्या बाजूने ११ मतं पडली, विरोधात ५२. सांगणं आणि सोय, ही दोन्ही एकाच वाक्यात मागितली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये जगात पहिल्यांदा सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला खरा, पण पुढे सोय म्हणजे शिबिर झालं आणि सांगणं म्हणजे टार्गेट.

आज हे सांगण्याचं सगळं ओझं कुणावर आहे? आशाताईवर. २०२२ च्या मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात आशाताईंना समुपदेशनासाठी दिलेल्या किटमध्ये लिंगाची रबरी प्रतिकृती निघाली आणि राज्यभर गदारोळ झाला. संस्कृतीचा प्रश्न निघाला, स्त्रियांचा अपमान झाल्याची भाषा झाली, सरकारवर टीका झाली. मी त्या गदारोळात दोन्ही बाजूंना ओरडून सांगू इच्छित होतो की थांबा, दोन वेगवेगळे प्रश्न आहेत.

पहिला, प्रतिकृती असावी का? असावी. निरोध कसा वापरायचा हे दाखवल्याशिवाय कळत नाही. एके काळी अंगठ्यावर चढवून दाखवण्याची पद्धत होती आणि त्यातून झालेल्या गैरसमजांच्या गोष्टी आरोग्य खात्यातले जुने लोक अजून सांगतात. दात कसे घासायचे ते शाळेत दातांची कवळी आणून दाखवतात, तेव्हा कुणी भुवया उंचावत नाही.

दुसरा प्रश्न, ती कुणी दाखवायची आणि कुणाला? आशाताई म्हणजे त्याच गावची सून. जिथे ती डोक्यावरचा पदर सावरून चालते, जिथे तिचा सासरा पारावर बसलेला असतो, जिथे समोरचा पुरुष नात्याने दीर किंवा भाचा लागतो, तिथे तिने ही वस्तू पिशवीतून काढायची? तिचं अवघडणं अगदी खरं होतं. त्या अवघडण्याची खिल्ली उडवणारे आणि त्याचं राजकारण करणारे, दोघांनीही तिला एकटीला पुढे केलं. उपकेंद्रात आरोग्य सेवक म्हणून पुरुष कर्मचाऱ्याचं पद असतं. तो हिवतापाचे रक्तनमुने घेतो, विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पडली का बघतो. ती पिशवी त्याच्या खांद्यावर का नव्हती? गावातल्या पुरुषांशी बोलणं हे त्याच्या कामाचं मुख्य कलम का नाही?

आणि कुटुंब नियोजनाच्या कामात आशाताईचा मोबदला केसमागे ठरलेला. बाईला शस्त्रक्रियेला घेऊन गेली तर पैसे. तास-दीड तास बसून नवराबायकोशी बोलली, त्यांनी विचार करून गोळ्या निवडल्या किंवा काहीच नको म्हणाले, तर त्या दीड तासाचं मोल जवळपास शून्य. १९९६ मध्ये सरकारने टार्गेट अधिकृतपणे रद्द केली. शब्द बदलला, 'अपेक्षित कार्यभार' आला, पण मार्चअखेर जवळ आला की आरोग्य केंद्रातली सिस्टर कशी धावते ते कुणीही जाऊन बघावं. जिचा पगार आणि बोलणी आकड्यावर ठरतात तिच्याकडून आपण निवांत, पूर्ण, खरी माहिती देण्याची अपेक्षा करतो.

अपुऱ्या माहितीची किंमत कशी मोजली जाते याचं एक उदाहरण रोजचं आहे. २०१७ पासून सरकारी दवाखान्यात 'अंतरा' हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आणि 'छाया' ही बिनहार्मोनची गोळी मोफत मिळू लागली. चांगली साधनं आहेत. छाया तर लखनौच्या आपल्याच सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली. अंतरा घेतल्यावर पाळी अनियमित होते, कधी डाग पडत राहतात, कधी काही महिने पाळी येतच नाही. इंजेक्शन थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात. यात घाबरण्यासारखं बहुतेक वेळा काही नसतं. पण हे आधी सांगावं लागतं. न सांगता सुई टोचली की दुसऱ्या महिन्यात बाई म्हणते, घाण आत साठतेय. सासू म्हणते, आता हिला मूल होणारच नाही. ती दुसरं इंजेक्शन घेत नाही आणि तिच्या आळीतल्या दहा जणी पहिलंही घेत नाहीत. माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत हे असंच घडलं. दुसऱ्या इंजेक्शनला ती गेली नाही, तेव्हा तिच्या नावापुढे 'लाभार्थीचा नकार' अशी नोंद झाली. नकार कशाला होता? तिला समजलेलंच नव्हतं काही.

याचंच टोकाचं रूप बिलासपूरला दिसलं. छत्तीसगडच्या त्या जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका बंद पडलेल्या खासगी रुग्णालयाच्या इमारतीत काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या. तेरा जणी दगावल्या. बहुतेक तरुण, बहुतेक गरीब. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं, आणि संमती म्हणजे काय, बाईला तिच्या भाषेत समजावलं होतं का, हे प्रश्न निकालात ठळकपणे मांडले. ८३ बायकांशी त्या दिवशी कोण, किती मिनिटं बोललं असेल, याचा हिशेब मनात करून पाहिला की अंगावर काटा येतो.

लोकसंख्येच्या स्फोटाची भीती घालणारे म्हणतील, एवढं नाजूक बोलत बसायला वेळ कुठे आहे, कायदा करा. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे स्फोट संपला. देशाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, त्याच पाचव्या पाहणीत २.० आला, महाराष्ट्राचा १.७. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. आपण त्याच्या खाली गेलो आहोत. दुसरी गोष्ट, कायदा आपल्या महाराष्ट्रात आहेच. २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीलाही ती अट आहे. मुलग्यासाठी तिसरं बाळंतपण लादलं जाणाऱ्या बाईलाच या अटीने सरपंचपद नाकारलं जातं. किती मुलं व्हायची हे ज्या घरात तिच्या हातात नाही, तिथे तिची शिक्षा तिलाच.

आणि आता वारा फिरतो आहे. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट काढून टाकली. मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू लोकांना जास्त मुलं होऊ द्या असं आवाहन करू लागले. तीस वर्षांपूर्वी त्याच राज्यात कमी मुलांसाठी तेवढाच जोर लावला गेला होता. आकड्याचा प्रचार असा असतो. आज दोन म्हणतो, उद्या तीन म्हणेल, आणि दोन्ही वेळा त्याला बाईचं शरीरच लागतं. माहितीचं तसं नाही. तांबी किती वर्षं चालते, नसबंदीनंतर तीन महिने काय करायचं, अंगावर पाजत असतानाही दिवस राहू शकतात, दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर आईच्या रक्ताला का हवं, हे ज्याला एक मूल हवं त्यालाही कळायला हवं आणि ज्याला चार हवीत त्यालाही. म्हणूनच प्रजनन दर खाली आला, आता या खात्याचं काम संपलं, असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. आकड्याचं काम संपलं असेल. सांगण्याचं काम आता कुठे मोकळेपणाने सुरू करता येईल.

साताऱ्यात जिल्हा परिषदेने २००७ मध्ये नवविवाहितांसाठी एक योजना काढली होती. लग्नानंतर दोन वर्षं मूल लांबवलं तर पाच हजार, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. लोक तिला हनिमून पॅकेज म्हणू लागले. पैशाबद्दल माझं मत वर आलंच आहे. पण त्या योजनेत मला आवडलेली बाब अशी की सरकार पहिल्यांदा नवऱ्यामुलालाही घरी जाऊन भेटलं, लग्न झाल्या झाल्या, पाळणा हलायच्या आधी. तोवर सरकारी दप्तरात पुरुष 'पात्र जोडपे' या शब्दातला अर्धा भाग होता, एवढंच.

योगायोग असा की त्याच २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली. मला आमच्या वेळची नववी आठवते. जीवशास्त्राच्या बाईंनी प्रजननाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडला होता. घरी कुणी वाचलं नाही. मुलांनी जे शिकायचं ते शाळेमागच्या ओढ्यावर मोठ्या मुलांकडून शिकलं आणि जवळपास सगळं चुकीचं शिकलं. नसबंदीने ताकद जाते, ओझं उचलता येत नाही, बायको सोडून जाते, ही समजूत तिथलीच. ओढ्यावरचा तो वर्ग आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइलवर भरतो आणि आणखी वाईट भरतो.

पुरुष जिथे असतात तिथे जाऊन बोलावं लागेल. साखर कारखान्याच्या यार्डात, जिथे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर वजनासाठी तासन्‌तास उभे असतात. एमआयडीसीतल्या कॅन्टीनमध्ये कामाची पाळी बदलताना. दूध डेअरीवर, तालमीत, रिक्षा स्टँडवर. सकाळी अकराला उपकेंद्रात 'पुरुष मेळावा' ठेवला आणि कुणी आलं नाही अशी नोंद करायची, याला अर्थ नाही. अकराला पुरुष रानात असतो. बोलणाराही पुरुष हवा, शक्यतो स्वतः नसबंदी करून घेतलेला. आणि भाषा घरची हवी. 'संतती प्रतिबंधक साधनांचा अवलंब' म्हटलं की माणूस ऐकायचं थांबतो. तांबी, पाळी, दिवस राहणं, अंगावरून जाणं, बिनटाक्याचं ऑपरेशन हे शब्द लोकांचे आहेत, त्यात सगळं वैद्यकशास्त्र मावतं. आशाताईला बोलण्याच्या वेळेचे पैसे द्या, केसचे नको. नसबंदीच्या खोलीबाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाला तीन महिन्यांची गोष्ट तोंडी सांगितल्याशिवाय आणि त्याच्याकडून ती परत वदवून घेतल्याशिवाय सोडू नका. याला कुठलंही नवं यंत्र लागत नाही.

मी माझ्या नसबंदीबद्दल बोलायला लागलो ते उशिरा, तीन-चार वर्षांनी. गावी जत्रेत चुलतभावांच्या घोळक्यात विषय निघाला, तेव्हा मी सांगून टाकलं. सगळे गप्प झाले, मग कुणीतरी पावसाचा विषय काढला. रात्री उशिरा, मी बसस्टँडकडे निघालो तेव्हा त्यांच्यातला एक जण मोटरसायकल घेऊन मागे आला. सोडतो म्हणाला. स्टँडवर पोचल्यावर त्याने गाडी बंद केली, पण उतरला नाही. हँडलकडे बघत त्याने विचारलं, "दादा, पोत्याचं वजन उचलता येतं का रं नंतर?" मी म्हटलं, आठवडाभर जपायचं, पुढं उचल की. त्याने आणखी चार प्रश्न विचारले. शेवटचा सगळ्यांत हळू आवाजात होता आणि तोच त्याला खरा विचारायचा होता. मी उत्तर दिलं. माझी एसटी तोवर निघून गेली होती. पुढची पावणेदोन तासांनी होती आणि आम्ही तोवर बोलत बसलो.